निळीचे दहा बोल्ट

४ जानेवारी

काका,

नमस्कार. मायना काय लिहावा यावर दोन कागद फाडले, म्हणून हा तिसरा तसाच पाठवते. तुमचा फोन नंबर आमच्याकडे नाही. बाबांच्या जुन्या वहीत तुमच्या बहिणीच्या घरचा पत्ता सापडला. तुम्ही अजून तिथेच असाल असं धरून चालते.

मी ठिणगी. हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा ओळख द्यायची गरज नसावी. पण तुम्ही गॅरेज सोडून गेलात त्याला पाच वर्षं झाली, म्हणून दिली. बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आईने याच पत्त्यावर तुम्हाला कळवलं होतं, तुम्ही आला नाहीत. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

काम गाडीचं आहे. तुम्ही आणि बाबांनी शेवटची खोलून बांधलीत ती आपली निळी, मला नोकरी लागली म्हणून बाबांनी दिलेली. ती गरम होते. चढ लागला की काटा लाल रेघेकडे सरकतो आणि उतारावर मुकाट्याने खाली येतो. रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी होतं, पण जमिनीवर एक थेंब नाही. सकाळी चालू केली की मागून पांढरा धूर येतो, पाच मिनिटांत थांबतो. आवाज म्हणाल तर असा: घुर्र्र, फक्, घुर्र्र्र, फक्. कागदावर याहून बरा काढता येत नाही.

बाबा शेवटपर्यंत सांगत होते, निळीच्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नकोस. ‘दुसऱ्या कोणाचा’ यात तुम्ही येत नाही असं मी धरते. मला ही गाडी चालती ठेवायची आहे. त्यांचा चष्मा, घड्याळ, चपला सगळं घरात आहे, पण ते नुसतं ठेवलेलं आहे. त्यांच्या हातचं म्हणून अजून चालतंय असं हे एकच इंजिन उरलंय. काय करू ते कळवा.

ठिणगी

१३ जानेवारी

ठिणगे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका शिलाई मशीनच्या पोटात बोटं घालून बसलो होतो. हल्ली हाच धंदा आहे, मोटारींपेक्षा बरा, मशीन अंगावर तरी येत नाही. पाकिटावरचं अक्षर बघितलं. तुझा ‘र’ थेट दादासारखा आहे. पाकीट फोडायला मी अर्धा तास लावला, बहीण म्हणाली, बिल आहे की काय?

आणि ‘तुम्ही’ काय गं? माझ्या खांद्यावर बसून ‘काका, डावीकडे वळ’ म्हणत माझे कान पिळणारी पोरगी तू. असो, माझीच कमाई आहे. फोन नंबर मुद्दामच देत नाही. फोनवर समोरचा बोलायला लागला की मी ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतो आणि नंतर काहीच आठवत नाही.

आवाज मात्र झकास लिहिलास. वाचून मी एकटाच हसलो. आपल्या गॅरेजचा नियमच होता तो, आठवतं ना? गिऱ्हाईकाने कारण सांगायचं नाही, गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. ‘कारण शोधायला मी बसलोय, तुम्ही फक्त वाजवा,’ असं दादा म्हणायचा. ते हेडमास्तर आठव. शाळेत ज्यांना बघून पोरांची दातखीळ बसायची, ते आपल्या दारात काखेत छत्री धरून ‘खर्र टुक, खर्र टुक’ करत उभे होते. तू डब्याच्या स्टुलावर बसून हसता हसता खाली पडलीस. आणि दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘सर, दुसरा टुक जरा लवकर घ्या.’ प्लग बदलला आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. असे दिवस होते ते. वासासकट आठवतात मला.

आता निळीचं. घाबरू नकोस. आधी रेडिएटरचं झाकण बदल. त्याचं रबर गेलं की पाणी वाफ होऊन उडतं, जमिनीवर दिसत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, ते अडकलं असेल तर नवीन घाल. पाण्याचे पाइप हाताने दाबून बघ, पंखा वेळेवर फिरतो का बघ. हे सगळं तुला घरच्या घरी जमेल, लहानपणी बघितलंयस. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायची काही गरज नाही. कोणी म्हणालं तरी उघडू देऊ नकोस. दादाचं म्हणणं बरोबर होतं.

वहिनींना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझा काका

२ फेब्रुवारी

काका,

झाकण बदललं. थर्मोस्टॅट बदलला, त्यात माझी दोन नखं गेली. पाइप धडधाकट आहेत, पंखा इमानदारीत फिरतो. आणि निळी पूर्वीपेक्षा जास्त गरम होते.

एक गोष्ट मी लपवली होती, ती सांगते. ‘पाणी थोडं कमी होतं’ हे खोटं होतं. मी रोज सकाळी लिटरभर पाणी घालते. पावसाळ्यापासून घालतेय. मागच्या सीटवर पाच लिटरचा कॅन कायमचा बसलेला असतो, आईला वाटतं मला फार तहान लागते. बाबा रोज बॉनेट उघडून पाणी बघायचे, म्हणून मीही बघते, कमी दिसलं की भरते. भरलं की काटा थोडा वेळ शहाण्यासारखा वागतो आणि मला वाटतं, चला, आजचा दिवस निभावला. कोणा परक्या गॅरेजात नेलं तर ते पहिल्यांदा इंजिनच खोलतील, ही भीती होती.

काल ऑइल घालायचं झाकण काढलं. आतून पिवळट, सायीसारखा थर. धुराला गोडसर वास येतो. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून बोट लावून बघितलं.

गॅरेजच्या जागी आता पडद्यांचं दुकान आहे. जिथे तुम्ही भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली होती, म्हणजे कुठला पाना परत आला नाही ते लगेच दिसावं, तिथे आता फुलाफुलांचे पडदे लटकतात. मी एकदा आत गेले आणि उगाच भाव विचारून आले.

ठरवलं होतं तरी विचारते. तुम्ही का गेलात? एक दिवस आला नाहीत, ते आलाच नाहीत. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. तीस वर्षांची भागीदारी माणूस अशी सोडतो का?

ठिणगी

८ फेब्रुवारी

ठिणगे,

गाडी आहे तिथे उभी कर. हे पत्र वाचून झाल्यावर चावी वहिनींकडे दे आणि मागू नकोस.

झाकणाखालची साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी. गोड वासाचा धूर म्हणजे तेच पाणी आत जळतंय. हेडचं गॅस्केट गेलंय. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये ते बसतं. पाणी पाण्याच्या वाटेने, ऑइल ऑइलच्या वाटेने आणि आग आपल्या जागी राहील एवढं ते बघतं. ते फाटलं की तिघं एकमेकांच्या घरात शिरतात. झाकण आणि पाइप बदलून हे थांबत नाही, पाणी भरून तर मुळीच नाही. अशीच चालवलीस तर हेड वाकेल, ऑइलचं पाणी होऊन इंजिन जाम होईल, मग कोणालाच काही करता येणार नाही. हे घरी करायचं काम नाही. ज्याच्याकडे सगळी अवजारं आहेत आणि जो घाई करत नाही अशा गॅरेजात दे. टो करून ने, चालवत नेऊ नकोस.

हे मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. चढावर गरम, पांढरा धूर, पाणी कमी आणि जमीन कोरडी. शिकाऊ माणसालाही कळलं असतं, मला तर पहिल्या ओळीत कळलं होतं. तरी मी तुला झाकणं बदलायला लावली. का, ते विचारू नकोस.

एकच सांगतो. उघडल्यावर गॅरेजवाला काही बाही बोलेल. ते मनावर घेऊ नकोस. दादाच्या हातासारखा हात मी पुन्हा बघितला नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला देता येत नाही.

काका

२७ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र पोचायला एक दिवस उशीर झाला. आदल्याच दिवशी आईला डॉक्टरकडे नेताना चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि निळी थांबली. आई शांतपणे उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘दमली असेल.’ मला हसू आलं आणि मग रस्त्याच्या कडेला उभी राहून रडू आलं.

गाडी एका बाईंच्या गॅरेजात दिली आहे. पन्नाशीच्या आहेत, केस रुमालात बांधतात, कमी बोलतात. काढलेला प्रत्येक भाग पांढऱ्या कागदावर मांडतात आणि खाली पेन्सिलीने नंबर घालतात. मला आवडल्या. परवापर्यंत.

परवा त्यांनी मला बोलावून हेडचे दहा बोल्ट दाखवले. कागदावर ओळीने मांडले होते. सारखे असायला हवेत, पण काही काही ताणून लांब झाले होते, आणि चार बोल्टांबरोबर ठोकळ्याच्या भोकांतले, बोल्टला धरून ठेवणारे आटेही बाहेर आले होते, धातूची सालं निघावीत तसे. बाई म्हणाल्या, ‘एकदा आवळून असं होत नाही. कोणीतरी प्रमाणाबाहेर जोर लावलाय. म्हणूनच गॅस्केट नीट बसलं नाही, आणि पाच वर्षं तरी टिकलं याचंच मला नवल वाटतं. कुठल्या नवशिक्याने बांधलं होतं?’

मी भांडले. गॅरेजभर आवाज जाईल इतकी. म्हटलं, ज्यांच्या हाताला कळायचं, पाना कुठे थांबवायचा ते, त्या माणसाने बांधलंय हे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बोल्ट मला जे दाखवतायत ते मी सांगितलं.’

आता नीट वाचा. चार भोकं मोठी करून त्यात नवे आटे बसवता येतात. पण उरलेली सहा वरून ठीक दिसतात, आतून किती दुखावलीत ते त्यांना ठरवता येत नाही. किती वेळा, कोणी, कशाने आवळले ते कळलं तर बाई दहाही नव्याने करून ठोकळा वाचवायचा प्रयत्न करतील. ते न कळता जबाबदारी घेणार नाहीत. मग इंजिन भंगारात. दोन आठवड्यांची मुदत दिली आहे.

त्या वेळी गॅरेजात तुम्ही होतात. बाबा असं करतील का? खरं काय ते लिहा. मला गोंजारू नका.

ठिणगी

६ मार्च

ठिणगे,

दादाने नाही केलं. मी केलं.

तो जाण्याच्या खूप आधीपासून त्याच्या बोटांना कळत नव्हतं. साखरेच्या आजाराने उजव्या हाताची बोटं बधिर होत गेली. तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून तो गिऱ्हाईकाशी बोलत उभा राहिला होता, कातडी जळल्याचा वास आधी मला आला. त्याने हात खिशात घातला आणि बोलणं चालू ठेवलं. मग एक गाडी परत आली, हेडचे बोल्ट सैल, ऑइल गळतंय. मी गिऱ्हाईकाला म्हणालो, माझी चूक. दादा माझ्याकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून तो दुपारी जेवायला घरी गेला की मी त्याने बांधलेलं प्रत्येक इंजिन मागून आवळायचो. मोजून आवळायचा पाना त्याने कधी घेऊ दिला नाही, हाताला कळतं म्हणायचा. मग मीही हातानेच, प्रत्येक बोल्ट पाव फेरा. त्याला सांगायची माझी छाती नव्हती. हात गेला असं कोणत्या तोंडाने सांगणार त्याला? अकराव्या वर्षी त्यानेच माझ्या हातात पाना दिला होता.

निळीच्या दिवशी सातव्या बोल्टवर पाना होता आणि दादा दारात उभा. चष्मा विसरला म्हणून परत आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, पान्याकडे बघितलं, फळीवरचा चष्मा उचलला आणि गेला. दुपारनंतर आला नाही. तीस वर्षांत त्याने मला शिव्या घातल्या, एकदा पक्कड फेकून मारली, पण असा न बोलता कधी गेला नव्हता. मी उरलेले तीन बोल्ट आवळले, हात धुतले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी त्याला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी झाली. पुढचं तुला माहीत आहे.

हेड उघडू नकोस म्हणालो ते दादाचं नाव राखायला, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझं राखत होतो. त्यापायी तुझं इंजिन गेलं तर मी काय करू?

बाईंना सांग, दहाही बोल्ट, साध्या पान्याने, पाव फेरा, एकदा. पण ठिणगे, एवढ्याने आटे बाहेर येत नाहीत. हे मला खरंच कळत नाही.

काका

१८ मार्च

काका,

एवढ्याने येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवळले.

मी तुझ्यावर रागावून पत्र वाचायला घेतलं आणि शेवटी राग माझ्यावरच उलटला. बाबांची बोटं मलाही माहीत होती रे. उकळत्या चहाचा पेला त्यांनी असा धरला होता, जसा कोणी पेन धरतो. तेव्हापासून सात महिने मी कॉलेजला जायच्या आधी झाडलोट करते म्हणून गॅरेज उघडायचे आणि त्यांचं कालचं काम आवळायचे. माझ्या हातात तेवढा जोर नव्हता, म्हणून पान्याच्या दांड्याला लोखंडी नळीचा तुकडा लावायचे. नळी लावली की किती जोर लागतो ते हाताला कळत नाही, हे बाईंनी मला परवा सांगितलं. मला तेव्हा वाटायचं, जितका घट्ट तितका बरा. निळीचे तर मी चांगले दोनदा आवळले, पुढे मला मिळणार होती ना.

म्हणजे बाबा आवळायचे, दुपारी तू, सकाळी मी. तू आणि मी, दोघांनाही वाटायचं की त्यांना सांभाळणारे आपण एकटेच.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, ‘इतकं प्रेम इंजिनाला सोसत नाही.’ त्यांनी दहाही भोकांत नवे आटे बसवले, वाकलेलं हेड घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट, आणि मोजायच्या पान्याने एकेक आवळला. ठरलेला जोर झाला की पाना टक् करतो आणि त्या हात काढतात. परत हात लावत नाहीत. काल निळी चालू झाली. चढ चढली, काटा मध्यावर. आवाज बदललाय, बाबांच्या वेळचा राहिला नाही. मला वाईट वाटलं, पण चालतेय.

आता खरी गोष्ट. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, ‘त्या दिवशी हे चष्मा आणायला गेले ते हसत परत आले होते.’

मी म्हटलं, हसत?

तिने सांगितलं. बाबा जेवायला बसले आणि म्हणाले, ‘आज त्याला पकडला. गधडा लपून माझं काम निस्तरतोय, केव्हापासून कोण जाणे. मला वाटत होतं माझा हात परत आला.’ मग डोळे पुसले. म्हणाले, ‘आता लपवायला नको. उद्यापासून पाना त्याच्या हातात देतो आणि मी खुर्ची टाकून नुसता हुकूम सोडतो.’ दुपारी गॅरेजला गेले नाहीत, कारण कित्येक महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली होती. आईने उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, दहा वाजेपर्यंत. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं उन्हाला बसलेत. तू आला नाहीस तेव्हा आईने विचारलं, कोणाला पाठवू का बोलवायला? ते म्हणाले, ‘नको. हात गेलेल्या माणसाचं ओझं त्याने किती दिवस वाहायचं? सुटला बिचारा.’ त्यानंतर त्यांनी एकही इंजिन खोललं नाही. ऑइल बदलायचे, प्लग पुसायचे, बाकीच्या गाड्या पुढच्या गॅरेजात पाठवायचे. आईला वाटत होतं तू आम्हाला टाकून गेलास, म्हणून तिने हे मला कधी सांगितलं नाही.

ती आता स्वयंपाकघरात भांडी घासतेय. घासलेलीच पुन्हा घासतेय. तुला नमस्कार सांगितलाय.

ठिणगी

४ एप्रिल

ठिणगे,

तुझं पत्र आल्यापासून रोज कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो. बहिणीने एकदा विचारलं, कोणी गेलं का? मी हो म्हणालो. दादा गेल्याचं मला आता कळलं असंच वाटतंय.

तो रागावलाच नव्हता. पाच वर्षं मी त्याच्या रागाला उत्तरं देत होतो. मशीनच्या चाकाला तेल घालताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो, की दादा, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. आणि तो तिकडे माझी वाट बघत बसला होता. मी एकदा गॅरेजच्या दारापर्यंत गेलो असतो तरी पुरलं असतं, ठिणगे. एकदाच. त्याने चार शिव्या दिल्या असत्या आणि पाना हातात ठेवला असता.

दादा गेल्याचं वहिनींचं पत्र आलं होतं तेव्हा मी पिशवी भरली होती. बस लागलेली बघितली आणि परत फिरलो. गेलेल्या माणसाच्या रागालाही मी भ्यालो. हे त्यांना सांग, किंवा नको, मीच सांगेन.

मंगळवारी सकाळी साडेआठच्या गाडीने पोचतो. न्यायला येऊ नकोस, रस्ता मला पाठ आहे. घरी येण्याआधी मी त्या पडद्यांच्या दुकानापाशी थांबेन. दुकानदार हरकत घेणार नसेल तर पायरीवर जरा बसेन. त्या सकाळी मी तिथे यायला हवं होतं. पाच वर्षं उशीर झालाय आणि वाट बघणारा तिथे नाही, हे मला माहीत आहे. तरी येतो.

काका